एक हात कमी

प्रयोग पडला होता. पडलेला प्रयोग नटाला सगळ्यांच्या आधी कळतो, तळपायातूनच कळतो.

कंपनीच्या कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवून आम्ही मधे जागा केली होती. समोर खुर्च्यांवर प्रेस शॉपची, दोन्ही शिफ्टची मिळून, एकशेवीस माणसं. पहिली शिफ्ट सुटलेली, दुसरी लागायला तास होता, आणि सगळ्यांच्या पोटात नुकतंच जेवण गेलेलं. कुणी जांभया देत होतं, कुणी मोबाईलात बोट फिरवत होतं, मागच्या रांगेत दोघं चक्क येत्या रविवारच्या कुस्त्यांवर बोलत होते. मी नाटकातला सुपरवायझर होतो आणि केतकी होती बिस्किटाच्या कारखान्यातली सीमा. नव्या मशीनची फीत कापायला ती कात्री घेऊन पुढं आली होती आणि मी तिला अडवायचं होतं. माझं लिहिलेलं वाक्य होतं, "सीमा, हे तुमचं काम नाही. सिनियर माणसाला कापू द्या."

काय वाक्य आहे बघा! पथ्याचं जेवण नुसतं. ना मीठ, ना तिखट.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. तेव्हा मी आसावरीताई टेंब्यांच्या ग्रुपमध्ये होतो. कंपन्यांमध्ये जाऊन आम्ही नाटकातून प्रशिक्षण द्यायचो, बाई-पुरुष, जातपात, कामावरचा भेदभाव असल्या विषयांवर. पद्धत अशी, की दहा मिनिटांचा प्रसंग करायचा, त्यात कुणावर तरी अन्याय होताना दाखवायचा. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू करायचा आणि या वेळी बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा!" म्हणून उठायचं, अन्याय सोसणाऱ्याच्या जागी येऊन उभं राहायचं आणि आपण काय केलं असतं ते करून दाखवायचं. "थांबा" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, हा ताईंचा पहिला नियम. दुसरा नियम, इथं कुणाचा उपाय चूक नाही. आणि तिसरा नियम खास माझ्यासाठी होता, कारण खलनायक नेहमी मीच असायचो. समोर कोण येतो, काय बोलतो, काही होवो, सर्जेरावांनी भूमिका सोडायची नाही.

कोल्हापूरबाहेरच्या एमआयडीसीतली ती कंपनी. नाव सांगत नाही. माल परदेशी जायचा आणि तिकडच्या गिऱ्हाइकानं अट घातली होती की कामगारांना समानतेचं प्रशिक्षण दिल्याचा पुरावा पाठवा. म्हणून आम्ही. प्रयोगाच्या आधी दोन दिवस खात्यात फिरायचं, लोकांशी बोलायचं, त्यातून प्रसंग उभा करायचा असा आमचा रिवाज होता. मी तिथलाच, शाहूपुरीत वाढलेला. माझ्याशी लोक घडाघडा बोलायचे. त्याचा मला केवढा माज होता म्हणून सांगू!

रत्नमाला अवघडे माझ्याशी बोलली ती पाण्याच्या टाकीपाशी, चहाच्या सुट्टीत. वय तीस-बत्तीस, निळा एप्रन, केस टोपीत घट्ट कोंबलेले. सात वर्षं हेल्पर होती आणि त्या वर्षी चार नंबरच्या नव्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, ऑपरेटर झाली होती. त्या खात्यात प्रेस चालवणारी पहिलीच बाई.

"खंडेनवमीला आमच्यात मशीनची पूजा असती," ती म्हणाली. "ज्याचं मशीन त्यानं धुवायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा. सात वर्षं मी दुसऱ्यांची मशीनं पुसली. औंदा माझं होतं. नारळ मी घरनं आणलेला, शेंडी काढून, हळदकुंकू लावून. सगळे उभे होते. तेवढ्यात मुरगुडे साहेब आले आणि माझ्या हातातनं नारळ घेतला. चिडले बिडले नाहीत. एकदम मायेनं म्हणाले, 'दे बाळ इकडं. मशीन नवं आहे. तू प्रसादाला ये.'"

"मग?"

"मग काय? दुसऱ्याकडनं फोडून घेतला. सहाजण उभे होते, एक बोलला नाही. माझं आडनाव काय बदललंय का सात वर्षांत? हेल्पर असताना कुणाला अडचण नव्हती, मशीन हातात आल्यावर दिसलं बघा आडनाव." मग एकदम ती दचकली. "हे नाटकात नका घालू हं दादा. दिवाळीच्या आधी यादी लागायचीय. आम्ही पाचजण कायम होणार आहोत आणि सही मुरगुडे साहेबांची आहे. साहेबांना कळलं ना, की मी बाहेर बोलले, तर संपलंच माझं."

"ताई, आईशप्पत," मी गळ्याला हात लावला. "एक शब्द येणार नाही."

मी ताईंना सांगितलं, ते पण नाव न घेता. ताईंनी बिस्किटाचा कारखाना केला, नारळाची कात्री केली, पूजेचं उद्घाटन केलं. मी म्हटलं, "ताई, सगळं बदला, पण ते वाक्य ठेवू या. 'दे बाळ इकडं.' काय वाक्य आहे! असं कुणी ठरवून लिहू शकणार नाही."

"म्हणूनच ठेवायचं नाही," ताई म्हणाल्या. "ते तिचं आहे."

मी मान डोलावली. पण वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. दोन दिवस दात घासताना, भाकरी मोडताना तेच. मुरगुड्यांना, त्या खात्याच्या प्रमुखांना, मी पाहिलं होतं. पन्नाशीचा माणूस, पांढरा स्वच्छ शर्ट, आवाज कधी चढत नाही, प्रत्येकाच्या घरची ख्यालीखुशाली विचारणार. कामगार त्यांच्याशी बोलताना हसायचे आणि ते पुढं गेले की तोंडं मिटायची. हे मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं. मी मात्र त्यांची चाल बघत होतो, ते हात कसा पुढं करतात ते बघत होतो. नट मेला काय बघणार दुसरं!

तर केतकी कात्री घेऊन उभी आणि हॉल झोपलेला. पहिल्या रांगेत मुरगुडे, शेजारी एचआरच्या देशमाने मॅडम आणि त्यांचा फोटोग्राफर. तिसऱ्या रांगेच्या कडेला रत्नमाला, मांडीवर डब्याची पिशवी. मागून कुणीतरी मोठ्यानं जांभई दिली आणि चारजण हसले. मला ते सहन झालं नाही. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मला ना समानता आठवली, ना शपथ. मला फक्त ती जांभई बंद करायची होती. माझा हात पुढं गेला, अगदी सावकाश, तळवा वर, आणि मी हळू आवाजात म्हणालो,

"दे बाळ इकडं. मशीन नवं आहे. तू प्रसादाला ये."

जांभया थांबल्या. मोबाईल खाली गेले. कुस्तीवाले दोघं बोलायचे थांबले. छताचे पंखे तेवढे ऐकू येत होते. केतकीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिच्या कानफटात मारलीय. एवढी शांतता मला राज्य नाट्य स्पर्धेतही मिळाली नव्हती, आणि देवा रे, एक क्षणभर मला आनंद झाला. एकच क्षण.

मग दिसलं, लोक माझ्याकडं बघतच नव्हते. एक एक मान तिसऱ्या रांगेकडं वळत होती. रत्नमाला समोर बघत होती, ताठ. आणि मुरगुडे? मुरगुड्यांनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि परत घातला.

ताईंनी प्रसंग कसाबसा संपवला. "आता हाच प्रसंग आपण पुन्हा करणार आहोत. सीमाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? ज्याला वाटेल त्यानं 'थांबा' म्हणायचं."

आम्ही पुन्हा सुरू केलं. केतकी कात्री घेऊन आली. मी या वेळी लिहिलेलं वाक्य म्हणणार होतो, निमूटपणे.

"थांबा."

मुरगुडे उठले होते.

"मी आलं तर चालेल ना ताई?" त्यांनी नम्रपणे विचारलं. "का साहेब लोकांना बंदी आहे?"

ताईंनी माझ्याकडं पाहिलं. पहिला नियम त्यांनीच मघाशी सगळ्यांना समजावून सांगितला होता. "या ना," त्या म्हणाल्या.

सीमाची खूण म्हणून केतकीच्या खांद्यावर पिवळी ओढणी असायची. मुरगुड्यांनी ती मागून घेतली. झटकली, घडी नीट केली, शर्टावरून खांद्यावर घेतली. दोघं-तिघं फिसकन हसले आणि लगेच गप्प झाले. मग ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मान खाली घालून, हात जोडून. टिंगल नव्हती त्यात. टिंगल केली असती तर बरं झालं असतं.

"साहेब, ही कात्री घ्या," ते म्हणाले. "चुकलं माझं. मी पुढं यायला नको होतं."

मी भूमिका धरून होतो. "बरं," मी म्हटलं. "असू दे."

"असं कसं असू दे साहेब? अजून एक चुकलंय." त्यांची मान वर झाली. बोलत माझ्याशी होते, पण नजर माझ्या खांद्यावरून नव्हे, सरळ बाजूला तिसऱ्या रांगेवर होती. "चार पाहुणे आले, गोड बोलले, आणि मी घरातलं सगळं त्यांच्यापुढं ओतलं. आपलं खातं म्हणजे एक घर आहे. घरात कुणाला कायम ठेवायचं, कुणाला नाही, ते मोठ्या माणसाच्या मनावर असतं. एवढं मला कळायला पाहिजे होतं. आता कळलं. माफी असावी."

त्यांनी खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"मुरगुडे साहेब, एक मिनिट," ताई मधे आल्या. "पण इथं अन्याय सीमावर झालाय. मग तिनंच माफी..."

"ताई," मुरगुडे हसले, "तुम्हीच सांगितलंत ना, इथं कुणाचा उपाय चूक नाही म्हणून? मला जे सुचलं ते केलं. आम्ही आपले अडाणी."

वीस वर्षं हे काम करणारी बाई, पण स्वतःच्याच नियमात अडकली होती. आणि देशमाने मॅडम उठून टाळ्या वाजवायला लागल्या. "किती मोठं मन लागतं याला! एक साहेब माणूस एका बाईच्या जागी उभा राहिला! हेच तर हवं होतं आपल्याला." मग टाळ्या पसरत गेल्या, पहिल्या रांगेतून मागं मागं. त्या टाळ्यांना तोंड नव्हतं. नुसते हात वाजत होते.

"ताई, ते मतदानाचं राहिलं ना?" देशमाने मॅडमनी फाईल उघडली. "'उपायावर कामगारांचा कौल.' तो फोटो तिकडं पाठवायचा आहे."

प्रत्येक उपायानंतर तो पटला का असं ताई विचारायच्या आणि पटला असेल त्यांनी हात वर करायचा. एरवी त्यावरून मजेदार भांडणं व्हायची. आज ताईंनी प्रश्न विचारला तो जमिनीकडं बघून.

"हा उपाय ज्यांना पटला, त्यांनी हात वर करा."

मुरगुडे ओढणी घेऊन मधोमध उभेच होते. ते एकेका रांगेवरून नजर फिरवत गेले, आणि जिथं नजर पोचायची तिथला हात वर व्हायचा. पहिली रांग. दुसरी. कुस्तीवाले दोघं. यादीतले बाकी चौघं मला खात्यात फिरताना भेटले होते, त्यांचे हात नजर पोचायच्या आधीच वर गेले, त्यातला एक तर रत्नमालेच्या शेजारीच बसला होता. त्या सहाजणांचेही गेले असणार, मला काय ते ओळखू येत होते थोडेच. फोटोग्राफर खुर्चीवर चढला.

रत्नमालेनं हात वर केला नाही. दोन्ही हात डब्याच्या पिशवीवर ठेवून ती बसून राहिली. मला तिच्या बोटांची नखं पांढरी पडलेली दिसत होती. अगं बाई, कर ना वर, मी मनात म्हणत होतो. कर आणि सुटून जा. एका हाताचा तर प्रश्न आहे.

"एक हात कमी दिसतोय," मुरगुडे म्हणाले. आवाज तोच, मायेचा. मग माझ्याकडं वळले. "आणि तुमचा, साहेब? सीमा तर तुमच्याच मशीनवरची. तुम्हाला पटलं का नाही?"

लोक हसले. सुटका झाल्यासारखे हसले.

आता नीट ऐका, कारण त्या दोन-तीन सेकंदांत माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, मी भूमिकेत आहे आणि नाटकातल्या सुपरवायझरनं हात वर केलाच असता. मला वाटलं, आता हसण्यावारी गेलंय तर जाऊ दे, लोक विसरतील, तिचंच भलं होईल. वाटलं, ताईंचं हे काम जाईल, पुढची तीन कामं जातील. वाटलं, भूमिका सोडायची नाही हा नियमच आहे. एवढी सगळी कारणं इतक्या थोड्या वेळात सुचली, मी हुशारच म्हणायचा. रत्नमाला माझ्याकडं बघत होती. ज्यांना विचारलं होतं त्यांच्यात आता फक्त तिचे आणि माझे हात खाली होते.

मी हात वर केला.

फ्लॅश पडला. "व्वा," मुरगुडे म्हणाले. त्यांनी ओढणी खांद्यावरून काढली, चार घड्या घातल्या आणि केतकीच्या हातात दिली. "चांगलं असतं हो हे नाटक. माणसाला बरंच काही कळतं."

अर्ध्या तासात आम्ही सामान आवरलं. ताई एवढंच म्हणाल्या, "सर्जेराव, त्या बाईचं काय होईल आता?" आणि टेम्पोत जाऊन बसल्या. मी पडद्याची बॅग घेऊन खात्याच्या दारापाशी आलो. दारालगत एक काळा फळा होता, त्यावर रोज शिफ्टच्या आधी मशीनचा नंबर आणि समोर चालवणाऱ्याचं नाव खडूनं लिहायचे. चार नंबरसमोरचं नाव ओल्या फडक्यानं पुसलेलं होतं, अजून वाळलंही नव्हतं. बाजूला दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आलं होतं. अगदी खाली, जिथं झाडलोटीची नावं असतात तिथं लिहिलं होतं, अवघडे.

रत्नमाला फळ्यासमोरच उभी होती. दुसऱ्या शिफ्टची माणसं तिला वळसा घालून आत जात होती. कुणी तिच्याकडं बघत नव्हतं.

"ताई," मी म्हटलं. "चुकलं माझं. तोंडातून गेलं. आईशप्पत, माझा विचार नव्हता. मी साहेबांना जाऊन सांगतो, हे माझ्याच मनानं सुचलं म्हणून."

"नका जाऊ," ती म्हणाली. "आता यादीतनं नाव गेलंच आहे. तुम्ही गेला तर गेटातनं पण जाईल."

"मला माफ करा."

"तुम्ही बोललात त्याचं मला काही नाही दादा." तिनं टोपी सारखी केली. "खरं सांगू? तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा आधी काळजात धस्स झालं माझ्या. मग वाटलं, बरं झालं. एवढ्या माणसांत कुणीतरी मोठ्यानं बोललं एकदाचं. त्या दिवशी सहाजण होते, सगळे मुके. म्हटलं, हा एक माणूस आला. आता यादी गेली तर गेली, हा उभा राहील माझ्या बाजूला. म्हणून तर मी हात वर केला नाही."

मला वाटत होतं ती हट्टानं बसलीय, भीतीनं थिजलीय. ती माझ्या भरवशावर बसली होती. माझ्या! मी बॅगेचा पट्टा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

भोंगा झाला. आतल्या प्रेस एक एक करून सुरू व्हायला लागल्या आणि पायाखालची फरशी हादरायला लागली. तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला. दारात जाऊन ती परत वळली, आणि आवाजात ऐकू यावं म्हणून मोठ्यानं बोलली.

"त्या सगळ्यांनी हात वर केले ते मी समजू शकते, दादा. त्यांची पोरंबाळं आहेत, त्यांना इथंच यायचंय उद्या. पण तुम्ही तर संध्याकाळी घरी जाणार होता. तुमचं कुठल्या यादीत नाव लागायचं होतं?"